इंगळे सिस्टरचे काळे गोल

इंगळे सिस्टरचा डावा हात कोपरात वाकडा आहे. जन्मापासूनचा नाही. कमलबाई नावाच्या एका मरत्या बाईचं पाच मिली रक्त मिळवताना तो मोडला, आणि ज्या खोलीत मोडला त्या खोलीत मी हजर होतो. मी तिथं काय करत होतो ते पुढं सांगतो, त्यात फार मोठेपणा नाही. पण ते रक्त बाईच्या जिवात जीव असताना मिळालं नसतं, तर तिच्या लेकीला आणि तीन भाच्यांना आपल्या अंगात काय दडलंय हे नीट कधीच कळलं नसतं. एवढं आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढची मारामारी कशासाठी चालली होती ते ध्यानात राहील.

मी चिखली तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात लॅबमध्ये होतो. लोकांना सुया टोचायच्या, नळ्या भरायच्या, शिव्या खायच्या, असं काम. एका मोठ्या शहरातल्या कॅन्सरच्या दवाखान्यानं आमच्याकडं एक योजना सुरू केली. ज्या घरात एकापेक्षा जास्त बायका छातीच्या किंवा अंडाशयाच्या कॅन्सरनं गेल्या असतील, अशी घरं शोधायची आणि गरज वाटली तर रक्त पाठवायचं. रक्तातला दोष आईबापाकडून लेकरांत उतरतो का, हे तिकडं तपासून मिळणार होतं, फुकट. या कामाला कोणी तयार होईना. मेलेल्या बायकांची चौकशी करत दारोदार कोण फिरणार? इंगळे सिस्टरनं हात वर केला. दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरसाहेबांना वाटलं, बरं झालं, ही पीडा दवाखान्याबाहेर तरी राहील.

पीडा हा शब्द साहेबांचा. पण अगदीच खोटा नव्हता. बुटकी, जाड, दाढेखाली सतत लवंग, आणि आवाज असा की ओपीडीत बोलली तर प्रसूती विभागातली लेकरं रडायची. मला ती कधी नावानं हाक मारत नसे. "ए लॅब, इकडं ये बे!" म्हणायची. मी तिच्याहून सहा वर्षांनी मोठा होतो आणि दरवेळी मुकाट्यानं जायचो.

बाई समोर बसली की तिचा पहिला प्रश्न ठरलेला. कुठं दुखतं, कधीपासून दुखतं, हे नंतर. आधी, "तुही माय कायनं मेली वं?"

माय जिवंत असेल तर बाई दचकायची. "नाई मेली जी, घरी हाय."

"बरं हाय मंग. मावशी कायनं मेली?"

मग कागद पुढं ओढायची. हातातली काचेची बांगडी उतरवून कागदावर ठेवायची आणि पेनानं तिच्या आतून गोल मारायची. माणसासाठी काडेपेटी ठेवून चौकोन. बाई गोल, माणूस चौकोनी. ज्या बाईला तो रोग झाला तिचा गोल पेन दाबून दाबून काळा करायची, कागद फाटेपर्यंत. पद्धत शहरातल्या डॉक्टरांनी शिकवलेली होती, बांगडी आणि काडेपेटी तिची.

आमच्याकडं कॅन्सर हा शब्द कोणी उच्चारत नाही. 'गाठ झाली होती' म्हणतात. 'बाहेरचं होतं' म्हणतात. 'पोटात पाणी भरलं आन् गेली' म्हणतात. या तिसऱ्या वाक्याला सिस्टर कान टवकारायची. "दारू पेत होती का ते?" म्हणून विचारायची. दारूनं लिव्हर गेलं तरी पोटात पाणी होतं; तसं नाही म्हटलं की तो गोल आधी अर्धा काळा करायची, आणि जुने कागद, रिपोर्ट, निदान कोणाची तरी नीट आठवण मिळाली की पूर्ण. कोणाच्याही घरी गेली तरी कागद पुरा होईपर्यंत चहाला शिवत नसे. "चहा मंग. आधी मेलेल्या सांगा." असं म्हणणारी पाहुणी कोणाला आवडेल?

तिचा हात चालायचा, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. पहिल्याच महिन्यात मी पाहिलं. एक माणूस बायकोला घेऊन आला होता. बाईच्या छातीत लिंबाएवढी गाठ, आठ महिन्यांची. बाईला काहीही विचारलं की उत्तर नवरा द्यायचा.

"तिले काय इचारता? मले इचारा."

"तुही माय कायनं मेली ते तुले इचारीन. आता गप ऱ्हाय."

"गाठबीठ काही नसते. बाहेरचं हाय ते. चाल वं, ऊठ." त्यानं बायकोचा दंड धरून तिला असं उपसलं की ती स्टुलासकट खाली आली. सिस्टर उठली, टेबलाला वळसा घालून गेली आणि त्याच्या कानाखाली अशी काढली की बाहेर चप्पल काढत असलेल्या दोघी तशाच परत चप्पल घालून निघून गेल्या. साहेब धावत आले. सिस्टर म्हणाली, "साहेब, याचं बीपी घ्या. वाढलं असंन."

हे चुकीचंच होतं. मी तेव्हाही म्हणालो होतो, आजही म्हणतो. तिला मेमो मिळाला. मेमो आला की ती त्याची घडी घालून टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सारायची. वर्षाच्या शेवटी ते टेबल आमच्या दवाखान्यात सगळ्यात पक्कं उभं राहत होतं. त्या बाईचं ऑपरेशन झालं, ती जगली, हेही खरं आहे. पण म्हणून थप्पड बरोबर ठरते असं मला वाटत नाही. सिस्टरलाही वाटत नव्हतं बहुतेक. तिला राग यायचा आणि मग काही वाटायची सवडच राहत नसे.

तिच्या हातून एक मोठी चूक झाली. देऊळघाटच्या बाजूची रेखा नावाची मुलगी होती, सोयरीक जमलेली. रेखाच्या आईनं सांगितलं की माझी आई छातीच्या गाठीनं गेली आणि बहीण सिंधूही त्यानंच गेली. पुढं एका नातलग बाईनं सांगितलं, त्याच घरातली शोभाही तशीच गेली. सिस्टरनं तीन गोल काळे केले आणि ओपीडीत, आपल्या त्या आवाजात, रेखाच्या आईला सांगितलं, "तीन मेल्या तुह्या घरात! पोरीले तपासनं हाय."

रांगेत रेखाच्या होणाऱ्या सासरची एक बाई बसली होती. आठ दिवसांत सोयरीक मोडली. रेखाच्या बापानं बायकोला पट्ट्यानं मारलं, तुझ्या घराण्याचं रक्त नासकं म्हणून. बक्कल लागून तिची भुवई फाटली. टाके घालायला ती आमच्याकडंच आली, आणि टाके पडत असताना तिच्याच बोलण्यातून निघालं की सिंधू आणि शोभा ही एकच बाई. आपल्याकडं लग्नात मुलीचं नाव बदलतात. माहेरी ती सिंधू होती, सासरी शोभा झाली. आई माहेरच्या नावानं रडत होती, नातलग सासरच्या नावानं. सिस्टरनं कागदावर एका बाईला दोनदा मारलं होतं.

दोन असल्या तरी तपासणीचा सल्ला द्यावाच लागला असता. मी तसं म्हणालो. सिस्टरनं ऐकून घेतलं नाही. स्कूटर काढली, मला मागं बसवलं आणि थेट रेखाच्या घरी गेली. बाप ओट्यावर बसला होता. अर्धी गल्ली बघत होती. सिस्टर त्याच्यासमोर उभी राहिली आणि स्वतःच्या तोंडात दोन मारून घेतल्या. खोट्या नाही, ओठ फुटला. मग तिसरी त्याला मारली.

"दोन माह्या," ती म्हणाली. "एक मोजताना चुकली म्हून, एक भोंग्यावानी वरडली म्हून. आन् ही तुही. बायकोवर हात टाकला म्हून."

तो माणूस उठला नाही. त्या दिवसापासून सिस्टर प्रत्येक गोलाखाली दोन नावं लिहू लागली, वर माहेरचं, खाली सासरचं. आणि निकाल सांगताना बाईला मागच्या खोलीत नेऊन दार लावू लागली. रेखाची सोयरीक मात्र पुन्हा जुळली नाही. तिचं नाव निघालं की सिस्टर लवंग थुंकून टाकायची.

आता कमलबाई.

अमडापूरच्या पुढं एका गावात दोघे भाऊ राहायचे, भगवान आणि दिनकर. चांगलं बागायती वावर, घरी ट्रॅक्टर. भगवानला तीन मुली. त्याची बायको सुनंदा एकदा दवाखान्यात आली तेव्हा सिस्टरला म्हणाली की माझी सासू पोटात पाणी भरून गेली, आणि नणंद छातीच्या गाठीनं घरात पडून आहे. नवऱ्यानं सोडलेली कमलबाई दीड वर्षापासून माहेरी आली होती. लेक वैशाली सासरी. आधी मलम, मग अंगारा, आणि दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी हात टेकले होते.

सिस्टरनं मला समजावून सांगितलं, कारण मलाही तेव्हा नीट माहीत नव्हतं. ज्या बाईला रोग झाला तिच्या रक्तात दोष कुठं आहे ते आधी सापडावं लागतं. मग बाकीच्यांच्या रक्तात नेमकं तेवढंच बघता येतं. घरात रोग झालेली एकटी कमलबाई जिवंत होती. ती गेली की बाकीच्यांनी अंधारात चाचपडायचं. "तिच्याजोळ महिना हाय," सिस्टर म्हणाली. "लई झाला तर."

पहिल्यांदा ती एकटीच गेली. काय झालं ते सुनंदानं नंतर सांगितलं. सिस्टरनं ओसरीवर कागद पसरला, बांगडी उतरवली आणि भगवानला विचारलं, "तुह्या बापाले लेकरं किती?"

"दोन. आमी दोघं भाऊ."

आतल्या खोलीतून कमलबाईचा खोकला आला. लांबलचक.

"मंग आत खोकते कोन?"

सगळी मेख इथंच होती. बाप वारल्यावर भावांनी तलाठ्याकडं वारस लावताना बहिणीचं नावच दिलं नव्हतं. बापाला मुलगी नाही, असं लिहून दिलं होतं. आणि आता एक सरकारी बाई दारात बसून बापाची लेकरं कागदावर मांडत होती, बहिणीसाठी गोल मारत होती, वर तिच्या लेकीचं नाव विचारत होती. भगवानला रोग दिसलाच नाही, वावराचा तिसरा हिस्सा दिसला. त्यानं कागद फाडला आणि सिस्टरला ओसरीवरून खाली ढकललं. ती पायरीवर पडली, गुडघा फुटला. तिथूनच म्हणाली, "मले तुह्या वावराशी काय घेनं हाय? तुह्या पोरी मरतीन ना बे!"

"बायाचा रोग हाय तो. कमलीचा हाय, तिच्या पोरीले जाईन. माह्या पोरीले काऊन होईन?"

"तुह्या मायचा हाय. तुह्यातबी आला असंन, आन् तुह्यातून पोरीईत. चौकोनातूनबी उतरते ते."

त्यानं दार लावून घेतलं. पण हे शेवटचं वाक्य चुलीपाशी बसलेल्या सुनंदानं ऐकलं होतं. चार दिवसांनी तिनं शेजारणीच्या फोनवरून निरोप दिला. भाऊ बाजारला जाणार आहेत, या. कमलताई स्वतःच म्हणतात की रक्त घ्या, पण बाहेरून कुलूप आहे.

आम्ही दवाखान्याच्या जीपनं गेलो. माझ्या पिशवीत जांभळ्या झाकणाच्या दोन नळ्या, सुई, स्पिरिट, बर्फाचा डबा. सिस्टरनं न्हाणीजवळच्या पाट्यावरून वरवंटा उचलला आणि कुलपावर घातला. तिसऱ्या घावाला कोयंडा निघाला. आत वास असा होता की मी दारातच थांबलो. सिस्टरनं मला मानेला धरून आत घातलं.

कमलबाई म्हणजे हाडं आणि डोळे. सिस्टर तिच्याजवळ बसली, आणि तिला इतकं हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं. "कमल, हे रक्त तुह्यासाठी नाई. तुले याचा काही फायदा नाई. वैशालीले होईन, या तीन पोरीईले होईन. देतं का? नाई म्हनलं तरी चालते."

"भावाच्या पोरीईलेबी होईन?"

"हाव."

कमलबाईनं हात पुढं केला. "त्यानं मले कागदावर मारलं," ती म्हणाली. "मी त्याच्या पोरी नाई मारनार. काढा."

मी पट्टी बांधली, आणि बाहेर मोटारसायकल थांबली. भाऊ वाटेतूनच परतले होते, कोणी सांगितलं देव जाणे. दिनकर अंगणात उभा राहिला. भगवान आत आला तो कुऱ्हाडीचा दांडा घेऊन. नुसता दांडा, पातं नव्हतं, म्हणून सिस्टर आज जिवंत आहे. ती खाटेच्या आणि त्याच्या मध्ये उभी राहिली.

"ए लॅब, तू इकडं पाहू नोको. रक्त काढ!"

कमलबाईची शीर सापडत नव्हती. सापडली की सरकायची. माझ्यामागं दांडा बसल्याचा आवाज आला, एकदा पाठीवर, एकदा खांद्यावर. सिस्टर त्याला शिव्या देत होती, आईबापावरून, आणि त्याच श्वासात मला म्हणत होती, दुसऱ्या हाताले पाह्य, कोपराच्या खाली पाह्य. मी घाबरून रडत होतो. सुई गेली, नळीत रक्त आलं, थेंब थेंब. तेवढ्यात एक वेगळाच आवाज झाला, वाळकं लाकूड मोडल्यासारखा, आणि सिस्टरची शिवी अर्ध्यात तुटली.

मी वळून पाहिलं. भगवाननं पुन्हा दांडा उगारला होता, आणि सुनंदा मागून त्याच्या हाताला लोंबकळली होती. त्यानं झटकलं, ती भिंतीवर आदळली, उठली, आणि तोच वरवंटा उचलून तिनं नवऱ्याच्या पायावर टाकला. तो बसला. ती त्याच्या अंगावर वाकून ओरडत होती, "तीन हायेत माह्या! तीन! तू वावर सांभाय, मी पोरी सांभायते!"

दुसरी नळी भरायची राहिली होती. ती मी भरली.

रक्त बर्फात गेलं. सिस्टर मोडका हात पदरात बांधून जीपमध्ये बसली आणि अमडापूर येईपर्यंत मला एकच गोष्ट विचारत राहिली, नळीवर नाव बरोबर लिहिलंस ना? कमलबाई बाविसाव्या दिवशी गेली. रिपोर्ट त्यानंतर आला. दोष सापडला होता. वैशालीला तिच्या नवऱ्यानंच आणलं, तिच्यात तो दोष नव्हता.

पोलीस केस झाली होती. भगवान जामिनावर सुटला आणि एके सकाळी लंगडत माझ्या लॅबच्या दारात येऊन उभा राहिला. सिस्टर प्लास्टरमधला हात घेऊन माझ्याच खोलीत बसली होती. तो माझ्याकडं न बघता तिला म्हणाला, "माहं रक्त पाहून घ्या. तुमी केस मांगं घ्या, नोका घेऊ."

"केसबी चालन आन् रक्तबी घेईन," सिस्टर म्हणाली. "बाही वर कर."

त्याच्यात दोष निघाला. त्या दिवशी तो बाकावर दोन तास बसून होता. मला त्याची कीव आली नाही, खरं सांगतो. मग त्याच्या मोठ्या दोन्ही मुलींचं रक्त गेलं. धाकटी अजून अठराची नव्हती, तिला थांबावं लागणार होतं.

दोघींचे रिपोर्ट आले तोवर सिस्टरच्या बदलीचा हुकूम आला होता, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. रिपोर्ट दिला तो तिचा आमच्याकडचा शेवटचा दिवस. दुसरीचा चांगला होता. थोरलीचा, पूजाचा, नव्हता. पूजा बावीस वर्षांची, चिखलीला कॉलेजात जाणारी. सिस्टरनं तिला मागच्या खोलीत नेलं, दार लावलं. मी शेजारच्या खोलीत, मध्ये पातळ भिंत, सगळं ऐकू येत होतं. सिस्टर सांगत होती की दोष असणं म्हणजे रोग असणं नाही. तपासण्या कधी सुरू करायच्या, कोणत्या करायच्या, लेकरं झाल्यावर अंडाशय काढायचं का याचा विचार करता येतो, सगळं तुझ्या हातात आहे, आत्यासारखं कुलपात मरायचं नाही. पूजा म्हणाली, "सिस्टर, मले लई राग येऊन राह्यला. कोनाले मारू समजत नाई."

मागचं दार उघडल्याचा आवाज आला. मी खिडकीशी गेलो. दवाखान्यामागं कंपाउंडची भिंत आहे, तिथं दोघी उभ्या होत्या. सिस्टरच्या वाकड्या हातात ड्रेसिंगचा स्टीलचा ट्रे होता. तिनं तो पूजाच्या हातात दिला आणि भिंतीकडं बोट केलं. पूजानं एकदा तिच्याकडं बघितलं आणि ट्रे अंगातल्या सगळ्या जोरानं भिंतीवर हाणला. सिस्टर गेली, वाकून ट्रे उचलून आणला, पुन्हा तिच्या हातात दिला. पूजानं पुन्हा हाणला. आता ती ओरडत होती, शब्द नव्हते त्यात. मग सिस्टरनं ट्रे घेतला आणि उजव्या हातानं एकदा स्वतःच हाणला. गिलाव्याचा पोपडा निघाला.

ओपीडीतली माणसं मान वळवून बघत होती. माझ्यासमोर बाही वर करून बसलेला म्हातारा घाबरला. "काय होऊन राह्यलं हो तिकडं?"

त्याच्या दंडाला मी पट्टी बांधली. "काही नाही बाबा," म्हटलं. "सिस्टर रिपोर्ट देऊन राह्यल्या."